वावरात वाळू निघाली म्हणजे त्सुनामी आली होती का?

दर्यापूरकडच्या एका शेतकरी भावानं विचारलं आहे. शेततळं खोदताना पोकलेननं चार-साडेचार फुटांवर वाळूचा एक पट्टा उघडा केला. वर काळी माती, खाली पुन्हा काळपट चिकण, आणि मधे वीतभर पिवळसर वाळू, तिच्यात पांढरे शिंपले. विहिरीचं पाणी तर आधीपासूनच खारं. गावातले मास्तर म्हणतात इथं कधीकाळी समुद्र होता. त्यात मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की जपानमध्ये असल्याच थरावरून हजार वर्षांपूर्वीची त्सुनामी शोधून काढली. "मग आमच्याकडंबी आली होती का?" आणि अगदी शेवटी, जाता जाता: "भाऊ म्हणतो तळ्याच्या बाजूलाच सोयाबीन ठेवायला गोदाम बांधू. चालते का?"

भाऊ, गोदामाची ओळ तुम्ही शेवटी टाकली, पण खरा प्रश्न तोच आहे. वाळू कुणी आणली हे कळलं तर ते पाणी पुन्हा येईल का, आणि आलं तर कुठवर, याचा काही अंदाज बांधता येतो. किनाऱ्यावर त्सुनामीचे जुने थर शोधतात तेही ह्याचसाठी. मी गाळाचा माणूस. २००४ च्या त्सुनामीनंतर बरीच वर्षं पूर्व किनाऱ्यावर नळ्या ठोकत आणि खड्डे खणत फिरलो. मामाचं गाव खारपाणपट्ट्यातलं, त्यामुळं तुमच्या विहिरीची चव मला ठाऊक आहे.

आधी समुद्राचं मिटवून टाकू. तुमचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण पावणेतीनशे मीटर उंच आणि अरबी समुद्रापासून चारशे किलोमीटरहून जास्त दूर. ११ मार्च २०११ च्या जपानच्या त्सुनामीत पाणी सगळ्यात उंच चढलं ते सुमारे ४० मीटर, तेही डोंगरात घुसलेल्या चिंचोळ्या खाडीत. अलास्कातल्या लितुया खाडीत १९५८ साली ५२४ मीटरपर्यंत पाणी उडालं होतं, पण तिथं दरड थेट पाण्यात कोसळली आणि पाणी समोरच्या डोंगरावर आपटलं. बादलीत धोंडा टाकला की पाणी काठावर उडतं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जात नाही.

शिंपल्यांचं म्हणाल तर तुम्ही पाठवलेल्या फोटोत जे लांबट, पातळ आणि आतून मोत्यासारखे चमकणारे दिसतात, ते नदीतले शिंपले आहेत. पूर्णेच्या पात्रात आजही मिळतील. कोकणात तिसऱ्या म्हणून खातात त्या जाड, गुबगुबीत आणि बाहेरून रेघारेघांच्या असतात. शिंपला दिसला की समुद्र आठवतो, हा गोंधळ विदर्भात जुना आहे. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोगलगायींचे जीवाश्म गोळा केले होते. ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि तेही गोड्या पाण्याच्या तळ्यांतले.

आणि खारं पाणी? पूर्णेचं खोरं म्हणजे गाळानं भरलेली एक खोल परात समजा. गाळ शेकडो फूट जाड, त्यात चिकण भरपूर, त्यामुळं पाणी आत सरकतं ते गोगलगायीच्या चालीनं. पाऊस बेताचा, ऊन रणरणतं. खडक आणि मातीतून विरघळलेले क्षार वाहून जायला वाव मिळत नाही, पाणी आटतं आणि क्षार मागं उरतात. चुलीवर भाजीचा रस्सा आटत गेला की खारट होतो, तसंच. अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या वर हा पट्टा आहे, आणि त्याला समुद्राची गरज लागत नाही. मास्तरांना माझा नमस्कार सांगा, पण हे सांगाच.

आता व्हिडिओतल्या गोष्टीकडं येतो, कारण ती खरी आहे आणि तिच्यातली पद्धत तुमच्या कामाची आहे.

जपानच्या ईशान्येला सेंडाईचं मैदान आहे, सगळी भातशेती. तिथल्या शेतात नळी ठोकून गाळाचा नमुना वर काढला की काळ्या दलदली मातीत वाळूचा एक फिकट पट्टा दिसतो. तिथल्या जुन्या राजदरबारी नोंदीत इसवी सन ८६९ मध्ये, जोगन नावाच्या कालखंडात, मोठा भूकंप झाला आणि समुद्र नगराच्या तटापर्यंत येऊन हजारभर माणसं बुडाली, असं लिहिलेलं आहे. पण लिहिलेलं आणि जमिनीत सापडलेलं एकच, हे कशावरून? तर त्या वाळूच्या थोडं वर राखेचा एक पातळ थर आहे. ती टोवाडा ज्वालामुखीची राख, इसवी सन ९१५ ची. म्हणजे वाळू ९१५ च्या आधीची, पण फार आधीची नाही. शिवाय वाळूत डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची समुद्रात वाढणारी कवचं होती. भाताच्या चिखलात त्यांचं काय काम? वाळू जशी समुद्रापासून दूर जावी तशी पातळ आणि बारीक होत गेली होती, आणि किलोमीटरच्या किलोमीटर सलग होती.

यातला एकेक पुरावा सुटा घेतला तर काहीच सिद्ध होत नाही. वादळसुद्धा समुद्राची वाळू आत फेकतं, वारासुद्धा वाळू नेतो. म्हणून आम्ही थराकडं कमी आणि त्याच्या शेजाऱ्यांकडं जास्त बघतो. खालची माती कशी आहे, वाळू आणि तिची हद्द कशी आहे, वरची माती कशी आहे, आणि दोनशे पावलांवर तोच थर आहे का. हद्द कातरल्यासारखी धारदार असेल, खालच्या मातीचे गोळे उखडून वाळूत अडकलेले असतील, तर पाणी जोरात आलं होतं. वाळू खाली जाड आणि वर बारीक होत जात असेल, शेवटी चिखलाची साय बसलेली असेल, तर पाणी आलं, थांबलं, आणि मग त्यात तरंगणारं एकेक करून खाली बसलं. काचेच्या बरणीत मातीपाणी हलवून ठेवा, रात्रीतून हाच प्रकार दिसेल.

वादळ आणि त्सुनामी यांतला फरक मात्र भल्याभल्यांना चकवतो. वादळाच्या लाटा तासन्तास एकामागून एक येतात, म्हणून थरात बऱ्याच बारीक रेघा पडतात आणि वाळू सहसा किनाऱ्याजवळच संपते. त्सुनामीत मोजक्या लाटा, पण प्रत्येक लांबच लांब, म्हणून थर आत दूरवर पसरतो. "सहसा" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नुसत्या खड्ड्याच्या भिंतीवर बोट ठेवून कुणी छातीठोक सांगत असेल, तर मी दोन पावलं मागं सरतो.

कारण मी स्वतः तोंडावर पडलो आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यामागं एका सखल जागी मला पावणेदोन फुटांवर सुंदर वाळू मिळाली. धारदार हद्द, खालच्या चिखलाचे गोळे, वर चिखलाची साय, सगळं पुस्तकात असतं तसं. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी खालचा चिखल खुरप्यानं खरवडताना त्यातून गुटख्याच्या पुडीचा चमकता तुकडा निघाला. शेजारी कोळंबीचं तळं खणताना कुणीतरी वाळू तिथं पसरून टाकली होती. तेव्हापासून मी थराच्या आधी आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारतो की इथं खोदकाम कधी झालं.

दुसरी गोष्ट, सगळ्याच जमिनी आठवण ठेवत नाहीत. किनाऱ्यावर खेकडे बिळं करतात, झाडांची मुळं थर फाडतात, पुढची लाट मागच्या लाटेची वाळू पुसून टाकते. म्हणून जिथं थर टिकतो अशा जागा हुडकाव्या लागतात. थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर वाळूच्या समांतर टेकाडांमधे दलदलीच्या लवणी, म्हणजे सखल जागा आहेत. तिथं २००४ च्या वाळूखाली काळा गाळ आणि त्याखाली तशीच आणखी एक वाळू सापडली. शेवटची एवढी मोठी त्सुनामी तिथं साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वी आली होती. म्हणजे २००४ ची लाट नवीन नव्हती, फक्त कुणाच्या आठवणीत नव्हती. सुमात्रात आचेच्या किनाऱ्यावरच्या एका गुहेत तर वाळूचे थर वटवाघळांच्या विष्ठेनं वेगवेगळे राखलेले आहेत. वाळू, विष्ठा, वाळू, विष्ठा. सुमारे ७४०० ते २९०० वर्षांपूर्वीच्या काळात अकरा त्सुनामी. आणि अंतर बघा: एका टप्प्यात दोन हजारांहून जास्त वर्षं काही नाही, तर दुसऱ्या टप्प्यात शंभरेक वर्षांत चार. "दर पाचशे वर्षांनी येते" असं सरासरी काढून सांगणाऱ्यांना ती गुहा दाखवायला हवी.

वय काढायचं तर थरातल्या काडीकचऱ्याचं किंवा बियांचं कार्बन-१४ मोजतात. त्यात मेख अशी की काडी आधीच जुनी असून वाहत आली असू शकते, म्हणून वाळूखालचा आणि वाळूवरचा असे दोन नमुने घेऊन मधली वाळू त्यांच्यात पकडतात. समुद्री शिंपला असेल तर तो मुळातच काही शतकं जुना भासतो, तेवढी वजाबाकी करावी लागते. दुसरी पद्धत वाळूच्या कणांचीच: शेवटचं ऊन कधी लागलं ते त्यांच्यातून निघणाऱ्या उजेडावरून मोजायचं. त्यासाठी लोखंडी नळी भिंतीत ठोकून नमुना अंधारातच बंद करतात. मोबाइलच्या टॉर्चनं डोकावून बघितलं की नमुना वाया. एका विद्यार्थ्यानं नेमकं तेच केलं होतं, फोटो काढायला!

आता धोक्याचा हिशोब, आणि इथं बहुतेकांची चूक होते. वाळू जिथं संपते तिथं पाणी संपलं असं लोक धरतात. २०११ मध्ये सेंडाईच्या मैदानात हे प्रत्यक्ष मोजता आलं. पाणी साडेचार-पाच किलोमीटर आत गेलं, पण वाळूचा ओळखू येईल असा थर तीन किलोमीटरच्या आतच संपला. पुढं नुसता चिखलाचा पातळ लेप, जो पाच-दहा पावसाळ्यांत मातीत मिसळून जातो. म्हणजे जोगनच्या वाळूवरून काढलेली हद्द ही "निदान एवढं" असते, "जास्तीत जास्त" नसते. त्यात तेव्हाचा किनारा आजच्यापेक्षा सुमारे किलोमीटरभर आत होता, ते वजा-जमा वेगळं. हे सगळं २०११ च्या आधी अभ्यासकांना बऱ्यापैकी ठाऊक होतं. २००९ मध्ये फुकुशिमाच्या अणुप्रकल्पाच्या भूकंप-सुरक्षेची तपासणी चालू असताना समितीच्या बैठकीत जोगनचा मुद्दा मांडलाही गेला होता. वाळूनं सांगितलं होतं. बांधकाम बदलण्याएवढ्या वेळात ते ऐकलं गेलं नाही.

आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर त्सुनामीचा प्रश्न कोकणाचा आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मुंबईपर्यंत साधारण दोन मीटरच्या लाटा आल्या, माणसंही बुडाली. दर्यापूरला त्याची धास्ती घेऊ नका.

तुमची धास्ती पूर्णा आणि तुमचा नाला.

पद्धत तीच, फक्त समुद्राच्या जागी नदी. पूर ओसरताना कडेच्या आडोशाला, जिथं पाण्याचा जोर मरतो, तिथं वाळू आणि गाळ बसतो. नर्मदा-तापीच्या घळींमध्ये अशाच थरांवरून पुणे विद्यापीठातले डॉ. विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदींच्या आधीचे महापूर शोधले. तुमचा पट्टा बहुधा असाच कुठल्या तरी पुरानं ठेवलेला आहे. पण त्याचं वय कळल्याशिवाय त्याला घाबरायचं की नाही हे ठरत नाही. पूर्णा आज आपल्या जुन्या गाळात खोल कापत उतरली आहे. काठच्या उंच दरडींत दिसणारी वाळू पुष्कळदा त्या काळची असते, जेव्हा नदी वरच्या पातळीवरून वाहायची. असा थर कितीही जाड असला तरी आजच्या पुराबद्दल काही सांगत नाही. तुमचं वावर उंचावर असेल तर ही शक्यता मोठी. नाल्याकाठचं लवणाचं, म्हणजे सखल वावर असेल तर गोष्ट वेगळी.

घरबसल्या काही खुणा बघता येतात. तळ्याची एक भिंत खुरप्यानं सरळ तासा, पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे रंग उठून दिसतील. वाळूच्या वरच्या काळ्या मातीत पांढरे, कडक चुनखडीचे गोटे आहेत का? ते मातीत जागच्या जागी वाढायला हजारो वर्षं लागतात. गोटे आधीपासून दगडासारखे गोल घासलेले असतील तर ते वाहून आलेले, त्यांचा उपयोग नाही. खडबडीत, वेड्यावाकड्या आकाराचे असतील तर थर जुना.

वाळूत किंवा तिच्याखाली खापराचा तुकडा, विटेचा चुरा, प्लास्टिक मिळालं तर थर अलीकडचा, असं कुणीही म्हणेल. पण काळ्या मातीत इथं सांभाळा. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खापर सरळ तीन-चार फूट खाली जातं आणि पावसाळ्यात माती फुगून भेग मिटते. मग जणू ते तिथंच जन्मलं. म्हणून वाळूच्या आत, वाळूनं चारी बाजूंनी वेढलेलं खापर असेल तरच मोजा. आणि हीच माती वर्षानुवर्षं स्वतःला घुसळत असते, पातळ वाळूचे पट्टे तिच्यात मोडून जातात. तुमचा पट्टा अजून सरळ आणि अखंड दिसतो याचा अर्थ तो भेगांच्या पोचेखाली आहे, किंवा वरचा गाळ त्याच्यावर भराभर साचला. दुसरं खरं निघालं, तर तिथं पाणी वारंवार येत असणार.

मग दोन छोटे खड्डे आणखी घ्या: एक नाल्याच्या बाजूला पन्नास पावलांवर, एक गोदामाच्या जागी. नाल्याकडं वाळू जाड आणि भरड होत असेल तर ती नाल्यानंच आणली. गोदामाच्या जागी वाळू नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. सेंडाईत वाळू तीन किलोमीटरवर संपली आणि पाणी पुढं गेलं, ते इथंही लागू आहे. वाळूच्या जागी त्याच खोलीवर फिकट, दाताखाली कुरकुरणारा गाळ दिसला तरी ती पुराचीच सही समजा. हो, आम्ही खरंच चिमूटभर माती दाताखाली धरून बघतो. चिकण लोण्यासारखी लागते, गाळ कुरकुरतो.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "आमच्या आज्यानंबी इथं पूर पायला नाही." आज्यांची आठवण साठ-सत्तर वर्षांची. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षं टिकणाऱ्या गोदामाच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास चारात एक. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला दोनशेहून जास्त माणसं एका दिवसात नेली. जपानमध्ये आनेयोशी नावाच्या खेड्यात १९३३ च्या त्सुनामीनंतर लोकांनी शिळा उभी केली, की याच्या खाली घर बांधू नका. २०११ मध्ये पाणी त्या शिळेच्या खालीच थांबलं, आणि वरची घरं वाचली. ती शिळा म्हणजे आज्याच्या आठवणीला दगडात लिहून ठेवणं.

पूर्णेसारख्या मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून येणाऱ्या. तुमचा गट नंबर घेऊन तिथं चौकशी करा. मात्र गावनाल्यासाठी अशी रेषा बहुधा मिळणार नाही, तिथं तुमचे तीन खड्डेच कामाला येतील.

माझा सल्ला विचाराल तर: तिन्ही खड्ड्यांत तोच थर मिळाला, वर चुनखडीचे गोटे नाहीत, आणि वावर लवणाचं आहे, तर गोदाम धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या उंचवट्यावर घ्या आणि जोतं निदान तीन फूट चढवा. चार पैसे भरावाला जास्त जातील, पण ओलं झालेलं सोयाबीन मार्केट यार्डात कोण विचारतं? थर जुना निघाला तर तळ्याच्या बाजूला बांधायला हरकत नाही, फक्त तळ्याच्या काठापासून पुरेसं अंतर ठेवा. वाळूचा पट्टा उघडा पडला आहे, तळं भरलं की पाणी तिथूनच झिरपेल आणि पायाखालची माती फुगेल. खरं तर अस्तर न टाकता तळं भरलं तर पाणीही टिकणार नाही, ते वेगळंच दुखणं.

पाऊस पडून तळं भरायच्या आत भिंतीचे फोटो काढून टाका. सकाळच्या कोवळ्या उन्हात काढा, दुपारी सगळं पांढरं दिसतं. आणि फोटोत वाळूशेजारी खुरपं उभं धरा, म्हणजे मला माप कळेल.